दिवेलागणीनंतर

आमच्या सातिवलीत संध्याकाळ दोनदा होते. पहिली संध्याकाळ देवाची. सूर्य खाली वसईच्या बाजूला उतरतो, पूर्वेचा तुंगारेश्वरचा डोंगर काळा पडतो आणि घराघरांतून दिवे लागतात. दुसरी संध्याकाळ गाळ्यांची. कारखान्यांतील पाळी सुटते, डबे हातात घेतलेल्या माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो आणि वडापावच्या गाड्यांपासून परमिट रूमच्या हिरव्यानिळ्या दिव्यांपर्यंत सगळीकडे जाग येते. देवाच्या संध्याकाळीविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मी आज दुसऱ्या संध्याकाळीविषयी लिहिणार आहे. दिवाळीच्या अंकात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. परंतु दिवेलागणीनंतर माणूस काय करतो, हाही इतिहासच आहे. आणि तो आपण फारसा लिहून ठेवलेला नाही.

विषय डोक्यात आला तो गेल्या दिवाळीत. माझी एक जुनी विद्यार्थिनी फराळाला आली होती. पर्यटकांच्या टोळ्या घेऊन ती देशोदेशी जाते. कंबोडियातील सीएम रीप या गावाहून ती नुकतीच परतली होती. अंकोरवाटचे जगप्रसिद्ध देवालय या गावापासून पाचसहा किलोमीटरांवर आहे. दिवसा लोक देवळे पाहतात आणि रात्री गावातल्या एका रस्त्यावर गर्दी करतात. त्या रस्त्याचे नावच मुळी ‘पब स्ट्रीट’. तिथे मद्यालये आहेत, गाणे आहे, रात्रीचा बाजार आहे. आणि जेवणाच्या टेबलांसमोर अप्सरांचे नृत्य चालते. मुलगी चकलीचा तुकडा मोडत म्हणाली, “सर, तिथे बाया रात्री नाचतात, लोक टाळ्या वाजवतात, आणि सकाळी त्याच बाया बाजारात भाजी घेताना दिसतात. कोणी वळूनसुद्धा बघत नाही. आपल्याकडे असं का नाही?”

मी लगेच उत्तर दिले नाही. या मुलीला हा प्रश्न का पडावा, हे मला ठाऊक होते. ते शेवटी सांगतो.

त्या अप्सरांच्या नृत्यालाही मोठा इतिहास आहे. १९७५ ते १९७९ या चार वर्षांत ख्मेर रूज राजवटीने कंबोडियात जो संहार केला, त्यात राजदरबारी नृत्य जाणणाऱ्या बहुतेक नर्तकी आणि गुरू नाहीसे झाले. जे थोडे उरले, त्यांनी आठवून आठवून मुद्रा पुन्हा जुळवल्या. २००३ साली युनेस्कोने त्या नृत्याला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविले. एका देशाने रात्रीचा नाच मरणाच्या दारातून परत आणला. आपण आपल्या संध्याकाळींचे काय केले?

आमच्यापासून सुरुवात करतो. वसईचा इतिहास म्हटला की किल्ला येतो. १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेलेली वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली, हे शाळेतले पोरही सांगेल. पण किल्ल्याच्या तटाबाहेर जी माणसे राहत होती, त्यांची संध्याकाळ राज्य बदलल्याने बदलली नाही. ती ताडामाडांखाली होत असे. वारली पाड्यांवर भात कापून झाले की तारपा वाजे. वाळलेल्या दुधीचे आणि बांबूचे ते लांब वाद्य. वाजवणारा मध्ये, आणि भोवती एकमेकांच्या कमरेला हात घालून नाचणाऱ्या बायकापुरुषांची सरकती साखळी. जिव्या सोमा मशे यांनी ती साखळी कागदावर आणि कापडावर उतरवून जगभर नेली. सरकारने त्यांना २०११ साली पद्मश्री दिली. त्या नाचात पाहणारे आणि नाचणारे असे दोन पक्ष नव्हते. तिकीट नव्हते, म्हणून बदनामीही नव्हती.

माझे घराणे भंडाऱ्यांचे. माझे आजोबा खाली समुद्राच्या पट्ट्यात ताडाची झाडे काढीत. कमरेला कोयता आणि मडके बांधून सरळसोट खोडावर चढायचे, शेंड्याशी फुलोऱ्याच्या कोंबाला बारीक छेद द्यायचा, खाली मडके अडकवायचे आणि पहाटे पुन्हा चढून ते उतरवायचे. एकेका झाडावर दिवसातून दोनतीनदा. उजाडण्यापूर्वीचा तो रस म्हणजे नीरा. गोड, थंड, लहान मुलांनीही प्यावी अशी. ऊन चढू लागले की तिला फेस येतो आणि तीच ताडी होते. निसर्ग या दोहोंत फक्त काही तासांचे अंतर ठेवतो. त्या अंतरात पुढे सरकार येऊन उभे राहिले.

इंग्रजांनी १८७८ साली मुंबई इलाख्यासाठी आबकारी कायदा केला. घरगुती गाळप बंद झाले, दारूचे उत्पादन मोठ्या मक्तेदारांच्या भट्ट्यांकडे गेले आणि ताडी काढायची तर झाडागणिक कर भरणे आले. उरणच्या भट्ट्यांतून मोहाची दारू निघे, तिच्यावर सरकारला उत्पन्न मिळे. मग जंगलातल्या माणसाने मोहाची फुले वेचून घरीच दारू गाळली तर सरकारचे नुकसान! त्यावर १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत फुले जवळ बाळगण्यावर बंधने आली. वास्तविक मोहाचे फूल हे आदिवासींचे खाणेही होते. दुष्काळात तेच पोटाला आधार. पण कायद्याने ते फूल म्हणजे भावी दारू असे ठरविले. मौज अशी, की या सगळ्याला नीतीचे नाव दिले जात असे आणि तिजोरी मात्र दारूनेच भरत असे.

म्हणूनच स्वराज्याच्या चळवळीने दारूबंदी हातात घेतली. गांधीजींच्या मागे बायका दारूच्या गुत्त्यांसमोर उभ्या राहिल्या. १९३९ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने, डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने, मुंबई शहरात दारूबंदी आणली. त्याच वर्षी मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग ओसरला. स्वातंत्र्यानंतर खेर आणि मोरारजीभाई देसाई यांनी तो पुन्हा हाती घेतला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून साऱ्या मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी लागू झाली. हेतूविषयी शंका घ्यायला जागा नाही. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना पाहिलेल्या बायकांनी त्या दिवशी सुटकेचा श्वास टाकला असेल.

पण माझ्या आजोबांच्या घरी त्या दिवसापासून चूल अडली. सरकारने नीरेला उत्तेजन दिले होते. मडक्याला आतून चुना लावला की रस आंबत नाही, तो नीराच राहतो. लावला नाही तर ताडी. आजोबा म्हणत, “मडक्याला चुना असेल तर मी देशभक्त, नसेल तर गुन्हेगार.” झाड तेच, माणूस तोच, चढणेही तेच. परवान्याची नीरा काढून सात माणसांचे पोट भरेना, तेव्हा एकदोन मडकी बिनचुन्याची राहू लागली. एकदा पकडले गेले, दंड झाला. मग कोयता वळचणीला खोचून ते मजुरीला लागले. माझ्या वडिलांना शाळेत घालताना गुरुजींनी बापाचा व्यवसाय विचारला. आजोबांनी सांगितले, “ताडी काढायचो.” गुरुजींनी एकदा वर पाहिले आणि ‘मजूर’ असे लिहिले.

इकडे शहरात काय झाले पाहा. वैद्यकीय कारणासाठी ‘परमिट’ मिळे. ज्याला डॉक्टरचा दाखला मिळवता येई, त्याची संध्याकाळ कायदेशीर. ज्याला येत नसे, त्याच्यासाठी खाडीकाठच्या हातभट्ट्या. काळा गूळ आणि नवसागर यांचे ते रसायन सायकलच्या ट्यूबांतून शहरात येई आणि ‘आंटी’च्या घरात पेल्यांत ओतले जाई. कायद्यावर खटलाही झाला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दारूबंदी ग्राह्य धरली, परंतु औषधे आणि सुगंधी द्रव्ये यांवरील बंधने मात्र रद्द केली.

या बंदीचा एक धागा फारसे कोणी सांगत नाही. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत तोवर रात्री गोव्याचे वादक जाझ वाजवीत. मद्य गेले, गिऱ्हाईक गेले, वाद्यवृंद आखडले. ते वादक सिनेमाच्या स्टुडिओत आले. सी. रामचंद्र, म्हणजे आपले रामचंद्र चितळकर, यांच्यासोबत चिक चॉकलेट नावाचा ट्रम्पेटवादक काम करू लागला. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा ज्या तालावर नाचले, त्यात त्या हॉटेलांची रात्र मुरलेली आहे. वसईच्या लग्नांत आजही बॅण्ड वाजतो आणि सगळे वऱ्हाड नाचते, तेव्हा मला वाटते, की करमणूक पाण्यासारखी असते. एकीकडून अडवली तर दुसरीकडून वाट काढते.

तमाशाचीही हीच कथा. पेशवाईत लावणीला राजाश्रय होता. पुढे पठ्ठे बापूराव आणि पवळा यांच्या जोडीने मुंबईचे गिरणगाव वेडे केले. स्वातंत्र्यानंतर लगोलग अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी आली. फडमालक आणि कलावंत सरकारदरबारी गेले. अटी घालून, संहिता तपासण्याची पद्धत लावून बंदी उठली. बंदीमुळे तमाशा शुद्ध झाला की फिका झाला, यावर विद्वानांनी वाद घालावा. मला एवढेच दिसते, की त्या काही महिन्यांत फडावरच्या बाईने काय खाल्ले, याची नोंद कुठे ठेवलेली नाही.

संपूर्ण दारूबंदी काही टिकली नाही. १९६० साली राज्याचे दोन तुकडे झाले. कायदा दोघांच्याही वाट्याला एकच आला. गुजरातने तो कडकपणे पाळला. महाराष्ट्राने वसंतराव नाईकांच्या काळात तो सैल करीत नेला आणि सत्तरच्या दशकात देशी दारूची दुकाने उघडी झाली. पण कायदा रद्द केला नाही! कागदोपत्री आजही महाराष्ट्रात दारू पिण्यास परवाना लागतो, आणि परमिट रूम हे नाव तिथूनच आले. आमच्या गावावरून जाणारा मुंबई-अहमदाबाद महामार्ग म्हणजे एकाच कायद्याच्या दोन अर्थांना जोडणारा रस्ता आहे. मध्येच, समुद्राकडे, दमण. १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे असल्याने तिथे हा कायदा कधी पोहोचलाच नाही. शनिवारी रात्री किती मोटारी तिकडे वळतात, हे महामार्गावरच्या कोणत्याही टपरीवाल्याला विचारा. २०१६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गालगतची दारूविक्री बंद करण्याचा आदेश दिला, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एप्रिलपासून या रस्त्यावरचे दिवे मालवले. पुढे शहरी हद्दीला सवलत मिळाली आणि ते पुन्हा लागले.

आता मी त्या मुलीच्या प्रश्नाजवळ येतो. १९८० च्या दशकात मुंबईत आणि भोवतालच्या रस्त्यांवर एक नवा प्रकार फोफावला: परमिट रूममध्ये सिनेमाच्या गाण्यांवर नाचणाऱ्या मुली. लोक त्याला डान्सबार म्हणू लागले. नाचणाऱ्यांत कोल्हाटी, नट, बेडिया, देरेदार अशा पिढ्यान्‌पिढ्या नाचगाण्यावर जगलेल्या समाजांतल्या मुली पुष्कळ होत्या. राजांचे दरबार गेले, जमीनदारांच्या बैठका गेल्या, तेव्हा त्या बारमध्ये आल्या. जोडीला शहराने पोटासाठी आणलेल्या इतर मुलीही होत्या. तिथे सगळे मंगल होते असे मी म्हणणार नाही. नोटांचा पाऊस पाडून घर बुडवलेले पुरुष मी पाहिले आहेत, त्यांच्या बायकाही पाहिल्या आहेत.

२००५ साली गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तसा कायदा झाला. पंचाहत्तर हजार बायकांची रोजी गेली असा आकडा त्या वेळी सांगितला जाई. वर्षा काळे यांच्या बारगर्ल्स युनियनने मोर्चे काढले. कायद्यात एक मेख होती. तीन किंवा अधिक तारे असलेल्या हॉटेलांना आणि जिमखान्यांना बंदी लागू नव्हती! तोच नाच गालिच्यावर झाला तर संस्कृती आणि फरशीवर झाला तर अनीती. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने नेमके हेच बोट ठेवून बंदी घटनाबाह्य ठरवली. प्रकरण वर गेले, तोवर बंदी चालूच राहिली. १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निकाल कायम केला. सरकारने २०१४ मध्ये दुसरा कायदा केला, २०१६ मध्ये तिसरा. १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने त्यातल्या कित्येक अटी काढून टाकल्या. नोटा उधळणे मात्र निषिद्धच ठेवले. न्याय मिळाला, पण त्याला चौदा वर्षे लागली. नाचणाऱ्या पायांचे वय तेवढे थांबत नाही.

१८७८, १९५०, २००५. तीन वेळा तीन निरनिराळी सरकारे, तीन निरनिराळे हेतू. पण प्रत्येक वेळी गरिबाची संध्याकाळ गुन्हा ठरली आणि श्रीमंताच्या संध्याकाळीला परवाना, दाखला किंवा तारे मिळाले. यावर कोणी म्हणेल, मग काय दारूला मोकळे रान द्यावे? मुळीच नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली, ती सगळी हातावर पोट असणारी होती. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीची तर लोकांनी, विशेषतः बायकांनी, लढून आणली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये गेली. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी मत दिले तर गावातील दारूचे दुकान बंद होते, असा नियम महाराष्ट्रात आहे. त्यालाच लोक ‘आडवी बाटली’ म्हणतात. मला हा नियम आवडतो. त्यात ज्यांना झळ लागते त्यांनाच विचारले जाते. माझे गाऱ्हाणे बंदीविरुद्ध नाही. ज्यांचे पोट जाणार, त्यांना कोणी विचारीत नाही, एवढेच माझे गाऱ्हाणे आहे. माझ्या आजोबांना कोणी विचारले नाही. त्या नाचणारीलाही नाही.

त्या नाचणारीला मी ओळखत होतो. २००६ चा जून. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पंचविशीतला, एका लहानशा शाळेत खालच्या वर्गांना शिकवीत असे आणि प्रवेशाचे रजिस्टरही लिहीत असे. एक बाई सहा वर्षांच्या मुलीचे नाव घालायला आली. नुकतीच चाळीत राहायला आली होती आणि एका गाळ्यात पॅकिंगला लागली होती. चेहऱ्यावर थकवा होता, पण उभी राहण्याची ढब निराळी होती. वडिलांच्या नावापुढे तिने रेघ मारायला सांगितली. मी व्यवसाय विचारला. तिने दाराकडे पाहिले, कोणी नाही असे पाहून हळू आवाजात म्हणाली, “गेल्या वर्षीपर्यंत नाचत होते. आता कंपनीत आहे. काय लिहायचं ते तुम्हीच लिहा, सर.”

मी ‘गृहिणी’ असे लिहिले.

तिच्यावर उपकार केला असे मला त्या दिवशी वाटले होते. पुढे कादंबऱ्या लिहू लागलो, माणसांच्या कहाण्या जुळवू लागलो, तेव्हा कधीतरी वडिलांनी सांगितलेली ‘मजूर’ या शब्दाची गोष्ट आठवली आणि मी चरकलो. माझ्या आजोबांचे अर्धे आयुष्य एका भल्या गुरुजींनी एका शब्दाने पुसून टाकले होते. आणि मीही तेच केले होते. तिला घर होते कुठे गृहिणी व्हायला? ती स्वतःच्या पायांवर घर चालवीत होती, अक्षरशः पायांवर. अशा हजारो रजिस्टरांतून आपण आपल्या संध्याकाळी पुसल्या आहेत. मग उद्या कोणी इतिहास लिहायला बसला, तर त्याला ताडी काढणारा सापडणार नाही आणि नाचणारीही नाही. सगळीकडे मजूर आणि गृहिणी.

फराळाला आलेली मुलगी तीच. मी तिला त्या नोंदीची गोष्ट सांगितली. तिला ती ठाऊक होती. आईने ती अठरा वर्षांची झाल्यावर सगळे सांगितले होते. मी म्हणालो, “माझी चूक झाली.”

ती थोडा वेळ गप्प राहिली. बाहेर पोरे फटाके उडवीत होती. मग म्हणाली, “नाही सर. तेव्हा तुम्ही खरं लिहिलं असतं, तर मला वर्गात कोणी शेजारी बसू दिलं नसतं. तेव्हा बरोबरच केलंत.” ताटलीतला शेवटचा शंकरपाळा तिने उचलला. “पण आता लिहा. मी आईला विचारलंय. तिचं नाव घालू नका, बाकी लिहा. तिची एकच अट आहे. ती फार सुरेख नाचायची, एवढं लिहायला विसरू नका.”

म्हणून हा लेख.